सोंगाड्या राजाला उतारा मागतो

तमाशातला राजा आठवून पाहा. डोक्यावर बेगडी मुकुट, अंगात कुठल्या तरी बँडवाल्याकडून आणलेला लाल कोट, आणि आवाज मात्र असा की शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीनंही पदर सावरावा. तो आल्याआल्या प्रधानाला राज्याची खबरबात विचारतो. प्रधान सांगतो की सगळं झकास आहे. बाजूला हवालदाराचं सोंग घेतलेला सोंगाड्या उभा असतो. तो काहीच बोलत नाही, नुसतं डोकं खाजवतो. आणि लोक हसायला लागतात. अजून विनोद झालेलाच नसतो, तरी हसतात. का हसतात, हे शोधायचं म्हणून आजचं हे भाषण.

मी कवी आहे. कवितेनं काय होतं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि त्याचं धड उत्तर मला कधी देता आलेलं नाही. पण हसण्यानं काय होतं, याबद्दल मात्र मला थोडं सांगता येईल, कारण ते मी लहानपणी आमच्या गावच्या उरुसात पाहिलं आहे. आमच्याकडे पिराच्या उरुसाला तमाशा असायचा. संदल निघायचा, गलेफ चढायचा, आणि रात्री माळावर कनात लागायची. उरुसाच्या कमिटीत पाटील असायचे, आमचे मुलाणी चाचा असायचे, आणि सुपारी कुठल्या फडाला द्यायची यावर दोघांचं दरवर्षी भांडण व्हायचं.

साल बहुधा 1982. वगात राजा हवालदाराला विचारतो, "हे सारं राज्य कुणाचं?"

"तुमचंच की म्हाराज."

"आणि ही रयत?"

"तीबी तुमचीच."

"मग असा चाचरत का बोलतोस?"

"न्हाई म्हाराज, पर एकडाव उतारा बघितला असता तर बरं झालं असतं. सातबाऱ्याला नाव लागलंय न्हवं तुमचं?"

राजा गडबडतो. म्हणतो, "नोंदीला टाकलंय."

"किती दिस झालं?"

"सहा महिने."

हवालदार इकडेतिकडे बघतो, राजाच्या कानाशी जातो आणि साऱ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, "म्हाराज, किती मागतोय त्यो?"

पुढच्या रांगेत खुर्चीवर गावचे तलाठी बसले होते. माळ उसळला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती, आणि तलाठीही हसत होते. करतात काय? न हसावं तर कबुलीच दिल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी चावडीत एकानं अगदी अदबीनं विचारलं, "भाऊसाहेब, राजाची नोंद झाली का?" त्या दिवशी त्या माणसाला सरकारी फीमध्ये उतारा मिळाला. पुढे चारदोन महिने गावात बऱ्याच जणांना तसाच मिळाला. मग तलाठ्यांची बदली झाली, नवे आले, आणि त्यांनी काही तो तमाशा पाहिलेला नव्हता.

हा प्रसंग मी पुष्कळांना सांगितला आहे. ऐकणारे शेवटच्या वाक्याला हसतात आणि म्हणतात, म्हणजे शेवटी काहीच झालं नाही. मला तसं वाटत नाही. तलाठी पैसे घेतात हे त्या रात्रीच्या आधी गावात कुणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांनाच होतं. पण प्रत्येकाला ते आपल्यापुरतं ठाऊक होतं. शेजाऱ्यालाही ठाऊक आहे, तोही आतून धुमसतोय, याची खात्री नव्हती. पाटलाच्या पोरालाही पैसे द्यावे लागतात हे तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या रात्री पाटलाचा पोरगा पोट धरून हसला आणि ते साऱ्या गावानं पाहिलं. भीती जी असते ती एकट्याची असते. हजार माणसं एकाच क्षणाला, एकाच गोष्टीला हसली की प्रत्येकाला कळतं की बाकीच्यांनाही कळलेलं आहे. चावडीत तो प्रश्न विचारणारा माणूस काही आमच्या गावचा शूरवीर नव्हता. आदल्या रात्रीचं हसणं त्याच्या पाठीशी होतं, एवढंच.

आणि सोंगाड्याची चलाखी पाहा. त्यानं राजाला एकही शिवी दिली नाही. उलट राज्य तुमचं, रयत तुमची, सगळं कबूल केलं. इतकं कबूल केलं की राजाच अडचणीत आला. सत्तेला शिवी चालते, कारण शिवीला शिक्षा देता येते. पण सत्तेचंच वाक्य घेऊन, ते खरं मानून, त्याच्या पुढचा साधा हिशोबाचा प्रश्न विचारला की सत्तेची पंचाईत होते.

हे आपल्या तमाशात फार आधीपासून मुरलेलं आहे. गौळणच घ्या ना. गण झाला की गौळण येते. गवळणी दहीदूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, आणि कृष्ण पेंद्याला घेऊन वाट अडवून उभा. दान दिल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही म्हणतो. दान म्हणजे जकात. म्हणजे साक्षात देव नाक्यावर उभा राहून वसुली करतोय! आणि त्याच्याशी हुज्जत घालायला कोण पुढे होते? मावशी. लुगडं नेसलेला, ठसक्यात मुरडणारा एक पुरुष. कुठल्या हुकमानं घेतोस, कालच दिलं होतं त्याचं काय, असं म्हणत ती देवाला उभा आडवा घेते. आमच्या भागातले नाक्यावर अडवले गेलेले बाजारकरू हे बघताना कृष्णाला बघत नसत, आपल्या नाकेदाराला बघत. गौळण अश्लील म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना हा भाग कधी दिसला की नाही, कोण जाणे.

लिहिलेल्या नाटकात हे काम पहिल्यांदा जोतीराव फुल्यांनी केलं. 1855 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. एका कुणब्याची बायको गरोदर आहे. जोशी दारात येतो, ग्रहांची भीती घालतो, आणि अनुष्ठान, ब्राह्मणभोजन असं करत करत त्या जोडप्याला कर्जात लोटतो. गोष्ट एवढीच. पण त्यात एक विदूषक आहे. संस्कृत नाटकातला विदूषक हा राजाचा खाऊगडी, लाडूंवर डोळा ठेवणारा. फुल्यांनी त्याला राजाच्या पंगतीतून उठवलं आणि प्रेक्षकांच्या बाजूला आणून उभं केलं. जोशी गोड बोलून बाहेर पडला की विदूषक आपल्याकडे तोंड करून त्या गोड बोलण्याची साल काढतो. आणि शेवटी ते कुणबी जोडपं काय करतं? जोशाला मारत नाही, शापही देत नाही. फुले पतीपत्नी रात्रीची शाळा चालवतात तिथं शिकायला जायचं ठरवतं.

हा शेवट मला फार मोठा वाटतो. हसून झाल्यावर माणसानं सकाळी कुठं जायचं, याचा पत्ता त्या नाटकानं दिला आहे. आमच्या उरुसातल्या हसण्याला तो पत्ता नव्हता, म्हणून ते चार महिन्यांत विरलं. दक्षिणा प्राइज कमिटीनं 'तृतीय रत्न' नाकारलं. ते छापून लोकांसमोर यायला 1979 उजाडावं लागलं. सव्वाशे वर्षं!

राज्यकर्त्यांना गंभीर नाटकाची भीती वाटते हे आपण ऐकलेलं असतं. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर 1910 साली बंदी आली, कारण कीचकात लोकांना कर्झन दिसला. पण ज्या कायद्याचा धाक पुढे देशभरच्या रंगभूमीला बसला, तो 1876 चा नाट्यप्रयोगांचा कायदा एका प्रहसनापायी जन्माला आला, हे फारसं कुणी सांगत नाही. गोष्ट कलकत्त्याची आहे. त्या वर्षी प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले होते. जगदानंद मुखर्जी नावाच्या वकिलांनी त्यांना आपल्या घरी, थेट अंतःपुरात नेऊन बायकांकरवी त्यांचं स्वागत केलं. शहरात चर्चेला ऊत आला. ग्रेट नॅशनल थिएटरच्या मंडळींनी 'गजदानंद ओ युवराज' नावाचं प्रहसन केलं. पोलिसांनी ते बंद पाडलं. मंडळींनी तेच नाव बदलून 'हनुमानचरित्र' म्हणून केलं. तेही बंद. तेव्हा कलकत्त्याचे पोलीस कमिशनर होते हॉग आणि सुपरिंटेंडेंट होते लँब. इंग्रजीत हॉग म्हणजे डुक्कर, लँब म्हणजे कोकरू. मंडळींनी तिसरं प्रहसन काढलं, त्याचं नावच डुक्कर आणि मेंढीचे पोलीस! मार्चमध्ये ऐन प्रयोगात धरपकड झाली. उपेंद्रनाथ दास आणि अमृतलाल बसू यांना अश्लीलतेच्या नावाखाली शिक्षा झाली. उच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. पण तोवर व्हाइसरॉयचा वटहुकूम निघाला होता, आणि वर्ष संपायच्या आत त्याचा कायदा झाला. जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याला तीन प्रहसनं पचली नाहीत. तो कायदा केंद्राच्या पुस्तकातून निघायला 2018 साल यावं लागलं.

बरं, इंग्रज गेल्यावर तरी सोंगाड्याला मोकळीक मिळाली का? 1948 च्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशावरच बंदी घातली. अश्लीलता हे कारण. पुढे बंदी उठली ती अट घालून, की आधी संहिता दाखवा, तपासून घ्या, मग प्रयोग करा. आता तमाशाची संहिता म्हणजे काय? वगाचा सांगाडा असतो, पण बतावणी कुठे लिहिलेली असते? सोंगाड्या दुपारी गावात उतरतो, चहाच्या टपरीवर बसतो, कोण सरपंच, कुणाचा ट्रक वाळूचा, सोसायटीचं काय चाललंय, सगळं काढून घेतो आणि रात्री ते वगात पेरतो. ते कागदावर आणायचं म्हणजे वाहत्या ओढ्याचा सातबारा काढण्यासारखं आहे. लिहिलेलंच बोला, या एका अटीनं सोंगाड्याचा दात काढून घेतला. अश्लीलता त्यानं किती गेली मला माहीत नाही.

त्याच काळात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक गिरणगावात गाजत होतं. अमर शेख आमच्या बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आमच्या मोहल्ल्यात त्यांचं नाव घेताना आवाज थोडा चढतो, ही आमची हौस समजा. अण्णा भाऊंनी तमाशातून गौळण काढून टाकली, गणात देवाच्या जागी मातीला आणि कष्टकऱ्यांना वंदन घातलं, वग तेवढा ठेवला. त्यांच्या वगांची नावंच ऐका. 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'लोकमंत्र्यांचा दौरा'. पडदा उघडायच्या आधीच अर्धं काम झालं! सरकारनं तमाशाला दार लावलं तेव्हा याच मंडळींकडून 'लोकनाट्य' हा शब्द रूढ झाला. त्यांचा प्रेक्षक होता गिरणी कामगार. तो हसून खोलीवर जायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला जायला युनियनचं ऑफिस होतं. तो फुल्यांचा पत्ताच इथे वेगळ्या रूपात आहे.

आता एक अडचणीची गोष्टही बोलतो. विनोद नेहमी वरच्या दिशेनंच जातो असं नाही. आमच्या तरुणपणी नाटकसिनेमात एक ठरलेला मुसलमान असायचा. गळ्यात ताईत, तोंडात पान, आणि "हम तुमकू बोल्या ना" असली भाषा. तो आला की हशा. मी मराठीत बी.ए. झालो, मराठीत कविता लिहितो, आणि माझ्या आजीची मराठी तर अशी खणखणीत होती की वाड्यावरचे लोक म्हणी विचारायला तिच्याकडे यायचे. तो रंगमंचावरचा मियाँ कुठल्या गावचा होता, मला कधी कळलं नाही. तसाच तोतरा, तशीच काळी नवरी, तसाच खेडवळ नोकर. या हसण्यानं कुठल्याच भाऊसाहेबाचा दर खाली येत नाही. उलट माळावर बसलेल्यांतला एकजण हळूच उठून निघून जातो, आणि उरलेल्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. विनोदाची परीक्षा करायची तर मी एवढंच पाहतो, की पुढच्या खुर्चीवरचा अवघडला का मागच्या जमिनीवरचा.

वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' या परीक्षेला कसं उतरतं? काही पुरोगामी मित्र नाक मुरडतात, चावट म्हणतात. मला ते मान्य नाही. कोतवाल मेला आहे, जागा रिकामी आहे, आणि ती आपल्या माणसाला मिळावी म्हणून प्रधानाची खटपट चालली आहे. नवा कोतवाल आला तर त्याला मैनावतीच्या नादी लावून, चक्क राजाचा छपरी पलंग चोरायला लावायचा बेत होतो. ज्यानं चोर पकडायचे तोच राजाच्या घरी चोरी करतो! साठच्या दशकात दादा कोंडके त्यात हवालदार व्हायचे आणि त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी घेऊन सरकारची हजेरी घ्यायचे. म्हणजे शहरातल्या थिएटरात, तिकीट काढून आलेल्या मध्यमवर्गासमोर, बतावणी पुन्हा जिवंत झाली होती. पण थिएटरातल्या हसण्याची एक खोड आहे. बाहेर पडलं की प्रत्येकजण आपापल्या रिक्षेत बसतो. चावडी नसते. हशा हजारांचा होतो, पण सकाळी त्या हजारांतले दोघंही एकमेकांना भेटत नाहीत. त्यात सबनिसांचा दोष नाही आणि दादांचाही नाही.

म्हणूनच दिल्लीत सफदर हाश्मी आणि जन नाट्य मंचाच्या पोरांनी थिएटर सोडून कारखान्याचं फाटक गाठलं असावं. 1978 मध्ये त्यांनी 'मशीन' केलं, जेमतेम तेरा मिनिटांचं. मागे खरी घटना होती. गाझियाबादजवळच्या एका कारखान्यात कामगारांनी सायकली लावायला जागा आणि चहासाठी कँटीन मागितलं, आणि त्यावरून गोळीबार होऊन माणसं मेली. मागणी सायकलस्टँडची, उत्तर बंदुकीचं. यातली विसंगती एवढी भयंकर आहे की ती सांगायला विनोदाशिवाय भाषाच पुरत नाही. 1979 साली दिल्लीतल्या बसची भाडी वाढली, तर या मंडळींनी त्यावर लगोलग नाटक उभं करून ते बसथांब्यांपाशी केलं. प्रेक्षक तिथेच उभा, बसही तिथेच, भाडंही तिथेच द्यायचं. हशा आणि चावडी यांत अंतरच ठेवलं नाही.

1988 च्या नोव्हेंबरमध्ये दिल्ली परिसरातल्या कामगारांनी किमान वेतनासाठी सात दिवसांचा संप केला. त्या संपासाठी केलेल्या नाटकातून पुढे 'हल्ला बोल' झालं. 1 जानेवारी 1989 ला साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत त्याचा प्रयोग चालू असताना गुंडांनी हल्ला केला. गाझियाबादच्या नगरपालिका निवडणुकीचे दिवस होते. राम बहादूर नावाचा कामगार जागच्या जागी मारला गेला. सफदर दुसऱ्या दिवशी गेले, वय चौतीस. 4 जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री आणि बाकीची मंडळी त्याच जागी परत गेली आणि तुटलेला प्रयोग त्यांनी पूर्ण केला. हजारो लोक ते पाहायला उभे होते. मी तेव्हा शाळेत होतो. वर्तमानपत्रात ती बातमी वाचून आमचे मराठीचे गुरुजी वर्गात नुसते बसून राहिले होते.

गावागावांत आजही जत्राउरुसाला तमाशा होतो. फाल्गुनचैत्रात पंचमंडळी नारायणगावला जातात. तिथं फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, बोलणी होतात, सुपारी ठरते. मी एकदा मुद्दाम जाऊन बसलो होतो. नाचणाऱ्या पोरी किती, लायटिंग कसली, सिनेमाची गाणी कुठली, हे प्रश्न झाले. वगाचं कुणी विचारलं नाही. एका फडमालकानं मला सांगितलं, वग आता पाऊण तासात गुंडाळतो, लोक थांबतच नाहीत. त्यांच्याकडे एक जुने सोंगाडे होते, सत्तरीला टेकलेले. दुपारी गावात उतरून चहाच्या टपरीवर बसायची त्यांची सवय अजून सुटलेली नव्हती. सगळी खबर काढून आणायचे, आणि रात्री ती सांगायला वेळच मिळायचा नाही.

तेव्हा यंदा आपल्या गावच्या कमिटीतलं कुणी हे ऐकत असेल, तर नारायणगावच्या राहुटीत एक प्रश्न माझ्याकडून जास्तीचा विचारा. वग किती वेळ चालणार, आणि हवालदाराचं सोंग कोण घेतं?